सिडनी टॉर्च: सिनेमागृहातल्या ऑर्गनपासून बीबीसीच्या शुक्रवार संध्याकाळपर्यंत

रेडिओवाला (धागाकर्ता)

वाद्यवृंद-संचालक मान्तोवानीच्या धाग्यावर मी सिडनी टॉर्चचं नाव घेतलं, तेव्हा दोघातिघांनी वेगळा धागा काढायला सांगितलं होतं. बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहिलं. लांबलंय, सवडीनं वाचा.

टॉर्च म्हणजे बीबीसीच्या लाइट प्रोग्रॅमवरचा (हलक्याफुलक्या करमणुकीच्या रेडिओ वाहिनीवरचा) आघाडीचा वाद्यवृंद-संचालक. २५ सप्टेंबर १९५३ ला सुरू झालेल्या 'फ्रायडे नाइट इज म्यूझिक नाइट' या कार्यक्रमाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता, आणि १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या कार्यक्रमाचा प्रमुख संचालक तोच राहिला. बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा आदल्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये उभा राहिला होता. त्या ऑर्केस्ट्राचे अधिकृत प्रमुख संचालक दुसरे होते (मधली दोन वर्षं तर चार्ल्स मॅकेरस होता), पण श्रोत्यांच्या डोक्यात शुक्रवारची संध्याकाळ आणि टॉर्च हे एकत्रच बसलेलं.

त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. माझं म्हणणं असं की त्याची खरी जडणघडण त्याआधी वीस वर्षं, सिनेमागृहातल्या ऑर्गनवर झाली, आणि पुढे रेडिओवर त्यानं जे केलं ते सगळं त्या बाकावर शिकलेलंच होतं. गंमत अशी की युद्धानंतर त्यानं ऑर्गन कायमचा सोडला आणि त्या दिवसांबद्दल बोलायलाही तो फारसा राजी नसे.

जन्म ५ जून १९०८, लंडनचा. मूळ आडनाव टॉर्चिन्स्की, आईवडील पूर्व युरोपातून आलेले. वडील वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचे, सुरुवातीचे धडे त्यांच्याकडेच. मग ब्लॅकहीथच्या संगीतशाळेत पियानो. पुढे अल्बर्ट सँडलर या त्या काळच्या लोकप्रिय व्हायोलिनवादकाला साथ, आणि तिथून सिनेमागृहांच्या वाद्यवृंदात पियानोवादक म्हणून प्रवेश.

तो मूकपटांचा जमाना होता. मोठ्या सिनेमागृहात पडद्यापुढच्या खळग्यात पूर्ण वाद्यवृंद बसायचा. बोलपट आले आणि दोनतीन वर्षांत हे सगळे वादक घरी बसले. बऱ्याच ठिकाणी ऑर्गन मात्र राहिला, कारण मध्यंतरात लोकांना काहीतरी लागायचं आणि चाळीस माणसांच्या पगारापेक्षा एका माणसाचा पगार स्वस्त. मार्बल आर्चच्या रीगल सिनेमात टॉर्च वाद्यवृंदात पियानोवर होता, तो तिथल्या ख्रिस्टी ऑर्गनवर क्वेंटिन मॅक्लीनच्या हाताखाली तयार झाला आणि १९३२ मध्ये तिथला प्रमुख ऑर्गनवादक बनला. वय चोवीस. तेव्हापासून त्याच्या ऑर्गनच्या तबकड्या निघू लागल्या. त्या आजही ऐका: तोवर ऑर्गनवर गाणी आळसावून, थरथरत्या सुरात वाजवायची रीत होती, आणि हा पोरगा जॅझच्या चालीनं, टाचणीनं टोचावं तसे तुटक स्वर वाजवतोय. एवढं अजस्र वाद्य इतकं चपळ कसं हललं याचं आजही नवल वाटतं.

डिसेंबर १९३७ मध्ये किल्बर्नला गॉमाँ स्टेट हे चार हजारांवर आसनांचं प्रचंड सिनेमागृह उघडलं. तिथल्या वुर्लिट्झर ऑर्गनवर टॉर्च होता. ऑर्गनवादकाला याच्यापेक्षा मोठी जागा देशात नव्हती.

१९४० मध्ये तो हवाई दलात गेला, आणि तिथेच त्याच्या हाती आरएएफ कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा आला. लंडनच्या वाद्यवृंदांतले तरबेज वादक गणवेशात त्याच्यासमोर बसलेले. बाहेर असता तर या वयात, या अनुभवावर असा संच त्याला कुणी दिला नसता. युद्ध संपलं तेव्हा तो ऑर्गनवादक राहिला नव्हता.

पुढचा भाग प्रतिसादात टाकतो, हा बॉक्स पुरत नाहीये.

रेडिओवाला (धागाकर्ता)

भाग दोन.

लाइट प्रोग्रॅम २९ जुलै १९४५ ला सुरू झाला. युरोपातलं युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते. १५०० मीटर लांबलहरींवर सगळ्या ब्रिटनभर ऐकू जाई. हलकीफुलकी नाट्यं, विनोद, नृत्यसंगीत, आणि दिवसभर कुठला ना कुठला वाद्यवृंद. टॉर्चला इथे लगेच काम मिळालं. 'मच-बाइंडिंग-इन-द-मार्श' या हवाई दलावरच्या विनोदी मालिकेला त्याचाच वाद्यवृंद होता. शिवाय त्याच्या नावाचे स्वतंत्र कार्यक्रम, पार्लोफोनसाठी तबकड्या.

आणि तिसरं एक काम, जे फारसं कुणाला दिसत नसे. चॅपेल या प्रकाशनसंस्थेनं १९४२ पासून 'मूड म्यूझिक'चा संग्रह उभारायला घेतला होता. या तबकड्या दुकानात विकायला नसत. वृत्तपट, माहितीपट, रेडिओ-नाट्यं यांनी त्यातून हवा तो तुकडा उचलायचा आणि वापरायची फी भरायची. सूचीत तुकडे प्रसंगाप्रमाणे लावलेले: शहराची धावपळ, रेल्वेप्रवास, गावाकडची सकाळ, पाठलाग. वाजवणाऱ्या संचाचं नाव क्वीन्स हॉल लाइट ऑर्केस्ट्रा. लंडनच्या ज्या क्वीन्स हॉल या मैफलीच्या सभागृहावरून ते घेतलं तो मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळून गेला होता. चार्ल्स विल्यम्स, रॉबर्ट फार्नन आणि टॉर्च, तिघांनीही हा संच चालवला आणि त्याच्यासाठी लिहिलं.

माझा मुद्दा इथे येतो. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. त्या तीन मिनिटांत आरंभ, मुख्य धून, मधली दुसरी धून, परत पहिली आणि शेवट. एक मात्रा वाया घालवायची सोय नाही. टॉर्चच्या 'शूटिंग स्टार' किंवा 'ऑन अ स्प्रिंग नोट'मध्ये पाहा: धून व्हायोलिनकडे असताना बासरी-क्लॅरिनेट मध्येच एक छोटी लकेर मारून जातात, त्या लकेरीच्या शेवटी झायलोफोनचे दोन थेंब पडतात, आणि तेवढ्यात ब्रास (ट्रंपेट, ट्रॉम्बोन) आत शिरलेला असतो. कुणी कुणाच्या पायात येत नाही. माणसाला वाटतं ऐंशी जण वाजवताहेत. असतात त्याच्या निम्मेही नाहीत.

ही काटकसर ऑर्गनची. बाकावर बसलेल्या माणसाला दोन हात, दोन पाय. त्यातून अख्खा वाद्यवृंद उभा करायचा तर प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं: आत्ता कुठला रंग हवा, कुठला बंद करायचा. ही सवय ज्याच्या हाडात गेली तो पन्नास माणसं समोर आली म्हणून सगळ्यांना एकदम वाजवायला लावत नाही.

मेघना_सां

वा! फार आवडलं. माझी शंका बाळबोध वाटेल. ऑर्गन म्हटलं की मला चर्चमधला घनगंभीर आवाज आठवतो, नाहीतर आपला नाटकातला पायपेटीवाला ऑर्गन. सिनेमागृहातला ऑर्गन जॅझ कसा वाजवतो? आणि त्यावर झायलोफोन वगैरे म्हणजे नक्की काय?

रेडिओवाला (धागाकर्ता)

मेघनाताई, चांगलं विचारलंत, कारण सगळी मेख तिथेच आहे.

नाट्यसंगीतातला आपला ऑर्गन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचा (रीडचा), हार्मोनियमचा मोठा भाऊ. चर्चचा आणि सिनेमाचा दोन्ही नळ्यांचे. पण सिनेमाच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब बराच जास्त, आणि किल्ल्या व नळ्या यांच्यामध्ये विजेची जोडणी. त्यामुळे स्वर झटकन उमटतो आणि झटकन तुटतो. नळ्यांचा एकच संच तारांच्या जोडणीनं वेगवेगळ्या सप्तकांत, वेगवेगळ्या कळफलकांवर घेता येतो, म्हणून थोड्या संचांतून खूप रंग निघतात.

आणि झायलोफोन, ग्लॉकेनश्पील, ढोल, झांजा, ट्रँगल ही सगळी खरी वाद्यं भिंतीमागच्या खोल्यांत बसवलेली. वादकानं कळ दाबली की हवेच्या जोरावर हातोडी खऱ्या लाकडी पट्टीवर पडते. एक सोय तर विलक्षण: किल्ली नेहमीसारखी दाबली तर एक आवाज, त्याच किल्लीला आणखी जोर दिला की ती थोडी खाली जाते आणि दुसरा आवाज त्यात मिसळतो. म्हणजे डाव्या हातानं साथ देता देता करंगळीचा भार वाढवून मधली एक धून वर काढायची. टॉर्चच्या जुन्या तबकड्यांत हे कान देऊन ऐकता येतं. वाद्यवृंदासाठी लिहिताना मधल्या फळीत सतत काहीतरी चालू ठेवायची त्याची खोड मला तरी इथून आलेली दिसते.

आबा पुणेकर

धागा उत्तम. थोडी भर.

टॉर्चसारख्यांची कारकीर्द शक्य झाली त्याला एक रोकडं कारण होतं. रेडिओवर बाजारातल्या तबकड्या किती तास वाजवायच्या यावर ब्रिटनमध्ये बंधन होतं. तबकडी कंपन्यांची फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था १९३४ मध्ये निघाली आणि तिच्याशी बीबीसीचे करार झाले. तबकड्या फार वाजल्या तर वादकांची पोटं मारली जातील, म्हणून वादकांची संघटनाही त्याला धरून होती. तबकड्यांचे तास मोजके आणि प्रसारण तर दिवसभर. मग उरलेले तास भरायचे कुणी? जिवंत वाद्यवृंदांनी. म्हणून बीबीसीनं स्वतःचे वाद्यवृंद पोसले आणि बाहेरच्यांनाही सतत बोलावलं.

'म्यूझिक व्हाइल यू वर्क' आठवा. २३ जून १९४० ला सुरू झाला, कारखान्यातल्या कामगारांसाठी. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, पुढे रात्रपाळीसाठीही. एरिक कोट्सचं 'कॉलिंग ऑल वर्कर्स' हे त्याचं शीर्षकसंगीत. काय वाजवायचं याचे कडक नियम होते. लय स्थिर हवी, फार संथ काही नको, यंत्रांच्या घरघरीत हरवेल असं नाजूक काही नको. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे गाणं तर त्या वेळांत वर्ज्य केलं होतं, कारण त्यात टाळ्या आहेत आणि कामगार हातातलं अवजार खाली ठेवून टाळ्या वाजवायचे!

त्यामुळे ऑर्गनचं श्रेय मान्य, पण या शैलीला आकार दिला तो रेडिओच्या गरजेनं, असं मी म्हणेन. ऐकणारा समोर बसलेला नाही, हातात काहीतरी काम आहे, छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही. अशा माणसापर्यंत धून पोचवायची म्हणून मधल्या आणि वरच्या सप्तकांत स्वच्छ रेषा काढत गेले सगळेच. नुसता टॉर्च नाही.

वाटेवरचा

आबांशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जातो. टॉर्च कसबी होता यात वाद नाही, पण संगीतकार म्हणून तो कोट्सच्या किंवा फार्ननच्या पंगतीत बसत नाही. कोट्सचं 'बाय द स्लीपी लगून' घ्या. १९४२ पासून बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजतंय, आणि अजून त्याला शिळेपण नाही. फार्ननच्या 'पोर्ट्रेट ऑफ अ फ्लर्ट'मध्ये स्वरमेळाचे जे धक्के आहेत ते टॉर्चकडे कुठे आहेत? टॉर्च ऐकताना मी दर वेळी 'काय सफाई आहे' म्हणतो, आणि अर्ध्या तासानं धून आठवत नाही.

रेडिओवाला (धागाकर्ता)

@आबा, तबकड्यांच्या तासांचा मुद्दा अगदी कळीचा. मूळ लेखात यायलाच हवा इतका. रेडिओच्या गरजेचंही पटतं. पण ती गरज सगळ्यांपुढे सारखीच होती आणि प्रत्येकानं तिला वेगळं उत्तर दिलं. मान्तोवानीनं व्हायोलिनचे थर एकावर एक चढवले, स्वर एकमेकांत वितळत जातात, देवळात आवाज घुमावा तसे. टॉर्चकडे घुमणं नाहीच. सगळं कोरडं, टोकदार, जिथल्या तिथे. हा फरक ज्याच्या त्याच्या तालमीतून येतो असं मला वाटतं.

@वाटेवरचा, धुनेच्या बाबतीत कोट्स मोठा, मान्य. फार्ननच्या स्वरमेळाबद्दलही मान्य. पण टॉर्चचं 'ऑल स्ट्रिंग्ज अँड फॅन्सी फ्री' पुन्हा ऐकाच. नुसती तंतुवाद्यं. ब्रास नाही, बासरी-क्लॅरिनेट नाहीत, झायलोफोन नाही. म्हणजे ज्या रंगांवर त्याची भिस्त आहे असं तुम्ही म्हणाल ते सगळे त्यानं आपणहून बाजूला ठेवलेत. गज आणि बोटांची छेड एवढ्यावर तुकडा उभा आहे, आणि कुठेही पातळ होत नाही. हे निव्वळ सफाईनं होत नाही.

१९५७ चा 'लंडन ट्रान्सपोर्ट सूट'ही पाहा. तीन भाग: घोड्याची हॅन्सम कॅब, लाल बस, आणि वॉटर्लूहून सुटणारी ५:५२ ची गाडी. रोज संध्याकाळी तीच लोकल धरणाऱ्या मुंबईकराला तो तिसरा भाग लगेच कळेल.

अश्विनी के

मी आईबाबांकडून ऐकलंय की आपल्याकडेही शॉर्टवेव्हवर बीबीसी लागायचं आणि त्यात असले वाद्यवृंद यायचे. टॉर्च माणूस म्हणून कसा होता? मी कुठेतरी वाचलं की वादक त्याला टरकून असायचे.

रेडिओवाला (धागाकर्ता)

अश्विनी, खरं आहे. शिस्तीचा कडक म्हणून त्याची ख्याती होती. कपडे कडक इस्त्रीचे, तालमीत चुकारपणा चालत नसे, आणि तो बोलायलाही तिखट होता. त्याच्या हाताखाली वाजवलेल्यांच्या आठवणींत धाक आणि आदर दोन्ही सापडतात.

त्या शिस्तीचं कारण समजून घेतलं की माणूस थोडा जवळचा वाटतो. 'फ्रायडे नाइट' थेट प्रसारित व्हायचा. कॅम्डेन थिएटरमध्ये प्रेक्षक बसलेले, लाल दिवा लागला की पुढचा सगळा वेळ देशभर चाललाय. कार्यक्रमात एका संध्याकाळी ऑपेरातलं एखादं गीत, मग नाटकातलं युगुलगीत, मार्च, वॉल्ट्झ, सैनिकी गाण्यांचा गुच्छ, एखादा एकल वादक. दर तीनचार मिनिटांनी गायक बदलतो, लय बदलते, पानं उलटायची, आणि मध्ये निवेदकाची दोन वाक्यं. ती वाक्यं संपायच्या आत पुढच्या तुकड्याची छडी वर गेलेली हवी. एखाद्या गायकानं शेवटचा स्वर लांबवला, टाळ्या जास्त वेळ चालल्या, तर ते सेकंद पुढच्या तुकड्यांतून वसूल करायचे, आणि तेही घाई झाली असं कुणाला न जाणवता. चार्ल्स विल्यम्सच्या 'हाय अ‍ॅडव्हेंचर' या शीर्षकधुनेनं उघडलेला कार्यक्रम ठरल्या घटकेला बंद व्हायलाच हवा, मागे दुसरा कार्यक्रम उभा असतो. अशा कामात एक ढिला वादक सगळ्यांना बुडवतो.

थिएटरात मध्यंतराच्या ठरलेल्या मिनिटांत आपला कार्यक्रम बसवायची सवयही त्याला ऑर्गनवरचीच. ऑर्गन वादकासकट लिफ्टवर वर येतो, वाजवतो आणि चित्रपट सुरू व्हायच्या आत खाली गेलेला असतो. (मी माझा मुद्दा सोडत नाहीये हे लक्षात आलं असेलच!)

साष्टीकर

हा धागा वाचून राहवलं नाही. मी गोव्याचा, घरात तीन पिढ्या रेबेक, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्यांच्या. थोडं आमच्या बाजूचं सांगतो, कारण टॉर्चची ही कथा मला परकी वाटत नाही.

आमच्याकडे चर्चच्या शाळेत मेस्त (संगीताचा मास्तर) पोरांना आधी सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गायला शिकवायचा, वाद्य नंतर हातात. पोरगा रेबेक शिकायचा, बँडमध्ये कमी असेल तर क्लॅरिनेट उचलायचा, लग्नात ट्रंपेट. यातले कितीतरी जण मुंबईला गेले. मूकपटांच्या सिनेमागृहांत वाजवलं, बोलपटांनी ते काम घालवलं तसे हॉटेलांत आणि क्लबांत गेले, आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओत. टॉर्चच्या आयुष्याचीच वळणं!

आल्दोनाचा चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रंपेट वाजवायचा. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्यानं काम केलं, 'अलबेला'त तर त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होता, मुंबईत येऊन शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचा अरेंजर (धुनेची वाद्यवृंदासाठी मांडणी करणारा) झाला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनं १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले.

म्हणून रेडिओवाला यांचं म्हणणं मला पटतं, फक्त थोडं रुंद करून. ज्या माणसानं अनेक वाद्यांचं काम स्वतः केलंय, हॉटेलात पाच जणांत पंधरा जणांचा आवाज काढलाय, तोच पुढे मोठ्या संचासाठी नेमकं लिहितो. टॉर्चला ते ऑर्गननं शिकवलं, आमच्या लोकांना डान्स बँडनं. हिंदी गाण्यांत मुखडा संपता संपता व्हायोलिनची जी वळणदार ओळ धावत येते आणि अंतऱ्याच्या उंबऱ्यावर नेऊन सोडते, ती अशाच हातांनी कागदावर उतरवलेली आहे.

आबा पुणेकर

साष्टीकर, अप्रतिम. यावर स्वतंत्र धागा काढाच.

यावरून आकाशवाणीचा विषय ओघानं येतो. १९५२ मध्ये, टॉर्चचा शुक्रवार सुरू व्हायच्या आदल्याच वर्षी, दिल्लीत आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला. सुरुवातीला रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर, १९५६ पासून बासरीवादक पन्नालाल घोष, पुढे १९६३ मध्ये अनिल विश्वास. माहिती-प्रसारण मंत्री तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

ब्रिटनमध्ये तबकड्यांच्या बंधनामुळे वाद्यवृंद वाढले आणि लोकांच्या आवडीला धरून वाढले. आपल्याकडे वाद्यवृंदानं लोकांची आवड घडवावी अशी सरकारची इच्छा होती. हेतू चांगला होता, माणसं तर थोरच होती. पण टॉर्चला जे मिळालं, म्हणजे श्रोत्यानं दर आठवड्याला आपणहून बटण फिरवणं, ते आपल्या वाद्यवृंदाच्या वाट्याला त्या प्रमाणात आलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मेघना_सां

आबा, दुसरा एक फरक मला जाणवतो. टॉर्चपुढचे वादक लहानपणापासून कागद वाचून वाजवणारे. पन्नालालजींपुढचे बरेच जण गुरूसमोर बसून, ऐकून शिकलेले एकल कलाकार. त्यांना एकत्र आणून एक मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) सगळ्यांनी सारखी घ्यायची म्हणजे केवढं कठीण! व्हायोलिन, सतार, सरोद, प्रत्येकाची मिंड वेगळ्या वाटेनं जाते. त्या वाद्यवृंदांना टॉर्चच्या मापानं मोजू नये असं मला वाटतं. पन्नालालजींनी बासरीलाच आधी लांबी दिली, खर्ज दिला, आणि मग ते वृंदाकडे वळले. हाही एका वाद्यावरून वृंदाकडे आलेला माणूसच की.

आणि आकाशवाणीची ती पहाटेची संकेतधून? ती वॉल्टर काउफमन यांची ना?

रेडिओवाला (धागाकर्ता)

हो, काउफमन यांचीच. कार्ल्सबादमध्ये जन्मलेला ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आला, मेहली मेहतांबरोबर चेंबर म्यूझिकच्या मैफली केल्या, १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. मुंबईतून गेल्यावर कॅनडात विनिपेग सिम्फनीचा संचालक झाला. ती धून शिवरंजनीत आहे आणि तीही रेडिओनं घालून दिलेल्या मापात: काही सेकंदांत ओळख पटली पाहिजे, आणि रोज ऐकून कंटाळा येता कामा नये.

मिंडीचा मुद्दा मात्र फार मोलाचा. पन्नालालजींचा असा विचार मी केला नव्हता.

किल्बर्नकर

लंडनहून लिहितोय. गॉमाँ स्टेटची इमारत आमच्या रस्त्यावरच आहे. उंच मनोरा दुरून दिसतो. सिनेमा गेला, बरीच वर्षं बिंगो चालायचं, आता ते चर्च आहे. वुर्लिट्झर ऑर्गन अजून आत जागेवर आहे. लिफ्टसकट.

आणि टॉर्चचा कार्यक्रम बंद पडलेला नाही! लाइट प्रोग्रॅमचा १९६७ मध्ये रेडिओ २ झाला तेव्हा तो तिकडे गेला. १९८० मध्ये बीबीसीनं खर्चापायी आपले काही वाद्यवृंद मोडायचं ठरवलं, वादकांनी संप केला, प्रॉम्स या लंडनच्या उन्हाळी संगीतमहोत्सवाच्या काही मैफली बुडाल्या. कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा त्यातून टिकला. आता २०२४ पासून 'फ्रायडे नाइट' रेडिओ ३ वर लागतो. मी ऐकतो. बरीच नवी नावं, सिनेमाचं संगीतही असतं.

वाटेवरचा

काल रात्री 'ऑल स्ट्रिंग्ज' दोनदा ऐकलं. मधल्या भागात चेलो ज्या पद्धतीनं खालून वर येतात ते मी आधी कधी ऐकलंच नव्हतं, कारण वरच्या छेडण्याकडेच लक्ष जायचं. फार्नन अजूनही माझ्या लेखी मोठा, पण 'धून आठवत नाही' हे या तुकड्याला लागू नाही.

रेडिओवाला, नवख्यानं कुठून सुरुवात करावी?

रेडिओवाला (धागाकर्ता)

बरं वाटलं वाचून!

नव्यानं ऐकणाऱ्यांनी आधी बॅरी वर्ड्सवर्थनं बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राबरोबर केलेली टॉर्चची सीडी घ्यावी, मार्को पोलो कंपनीची. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, वाद्यं वेगवेगळी ऐकू येतात, आणि संच त्याच्याच कार्यक्रमाचा. मग गिल्ड कंपनीच्या 'गोल्डन एज ऑफ लाइट म्यूझिक' मालिकेत त्याच्या स्वतःच्या संचालनाखालच्या जुन्या तबकड्या आहेत. खरखर आहे, पण लय बघा, वर्ड्सवर्थपेक्षा किती तंग धरलीये.

आणि तिसऱ्या पायरीला तीसच्या दशकातली ऑर्गनवादनं. 'हॉट डॉग'पासून सुरू करा. हेडफोन लावून, डाव्या हाताकडे कान ठेवून. मधली धून सापडली की इथे येऊन सांगा.